उड्डाणतासांची बांधणी : मालवाहू वैमानिक (गोवा)

व्यावसायिक वैमानिक परवान्यापासून (सीपीएल) मालवाहू विमानाच्या कॉकपिटातील नेमणुकीपर्यंत लागणारा उड्डाणानुभव पद्धतशीरपणे जमवण्याची प्रक्रिया. एकूण तास हा यातला ठळक आकडा असला, तरी निवड करणारे आधी त्या तासांची फोड पाहतात : किती पीआयसी (विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून), किती रात्रीचे, किती इन्स्ट्रुमेंटवरचे (बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे), किती मल्टी-इंजिन आणि त्यांपैकी किती टर्बाइनवर (जेट किंवा टर्बोप्रॉप).

सीपीएलसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) २०० तास मागते. त्यांत १०० तास पीआयसी, २० तास पीआयसी म्हणून क्रॉस-कंट्री (एका विमानतळाहून दूरच्या दुसऱ्या विमानतळाकडे), १० तास इन्स्ट्रुमेंट (त्यांपैकी जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर) आणि ५ तास रात्रीचे असावे लागतात. क्रॉस-कंट्रीत ३०० सागरी मैलांची एक फेरी दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून करायची असते. पुढे कप्तानपदासाठी लागणाऱ्या एटीपीएलला (विमान कंपनीतील वैमानिकाचा वरचा परवाना) १५०० तास आणि किमान २१ वर्षे वय ही अट आहे.

या विषयावर सहज मिळणारा सल्ला बहुतेक अमेरिकेतला असतो आणि तो जसाच्या तसा इकडे लागू पडत नाही. तिथे २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीत सह-वैमानिकालाही साधारणपणे १५०० तास लागतात. त्यामुळे नवे वैमानिक आधी प्रशिक्षक होतात, मग १२०० तासांच्या सुमारास सेस्ना कॅरव्हॅनसारखी छोटी मालवाहू विमाने एकट्याने इन्स्ट्रुमेंटवर उडवतात आणि त्या फीडर (मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या) सेवांतून मोठ्या कंपन्यांकडे सरकतात. भारतात ही मधली पायरी जवळजवळ नाहीच. इथे दोनशे तासांचा सीपीएलधारक टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) करून थेट जेटमध्ये सह-वैमानिक होऊ शकतो. मात्र मालवाहू कंपन्या मोजक्या आहेत, त्यांची विमानेही मोजकी. चेन्नईची ब्ल्यू डार्ट एव्हिएशन बोइंग ७५७ उडवते; बाकीच्या कंपन्यांचा भर बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० कुळातल्या रूपांतरित विमानांवर आहे. जागा क्वचित निघतात आणि त्या टाइपवर तास असलेला उमेदवार साहजिकच पुढे जातो.

गोव्यातल्या मुलामुलींचे प्रशिक्षण बहुधा राज्याबाहेर होते. दाबोळी हा नौदलाचा तळ (आयएनएस हंसा). लष्करी सरावामुळे तिथे नागरी उड्डाणांवर वेळेची बंधने असतात. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतुकीत गुंतलेला आहे. प्रशिक्षणासाठी घाट चढून बेळगाव जवळ पडते, त्यापुढे बारामती किंवा गोंदिया. बेळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. एप्रिलमधल्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते की दोन माणसे आणि भरलेल्या टाक्या घेतलेले सेस्ना १५२ जेमतेम चढते. म्हणून सॉर्टी (सरावाची उड्डाणे) पहाटेच्या घ्याव्यात. जून ते सप्टेंबर ढगांची पातळी आणि आडवा वारा यांमुळे वेळापत्रक कोलमडते. क्रॉस-कंट्री आणि रात्रीची उड्डाणे ऑक्टोबर ते मे यांत उरकावीत आणि पावसाळा जमिनीवरच्या परीक्षांना ठेवावा.

परवान्यानंतरचे मार्ग तीन. पहिला, सहायक प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन शिकवणे : तास झपाट्याने वाढतात, पण ते बहुतेक एकाच इंजिनाचे, दिवसाचे आणि त्याच त्या सर्किटमधले (विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांचे) असतात. दुसरा, किंग एअर किंवा कॅरव्हॅनसारखी छोटी विमाने चालवणारे चार्टर आणि हवाई रुग्णवाहिका : तास कमी मिळतात, पण अवेळी निघणे, अनोळखी धावपट्टी आणि खराब हवामान यांची सवय होते. तिसरा, प्रवासी एटीआर (छोट्या पल्ल्याचे टर्बोप्रॉप विमान). मोपा हा तळ असलेली ‘फ्लाय९१’ मार्च २०२४ पासून एटीआर ७२-६०० उडवते. छोट्या फेऱ्यांमुळे दिवसाला अनेक उड्डाणे आणि लँडिंगे, दोन वैमानिकांची शिस्त आणि टर्बाइनचे तास असे तिन्ही एकत्र मिळते. मालवाहू कंपनीकडे जायचे असेल, तर पाचशे प्रशिक्षक-तासांपेक्षा एटीआरचे पाचशे तास जड भरतात. जागा मिळण्याची खात्री नसते, ही या वाटेची अडचण.

लॉगबुकात (वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत) चुका होतात त्या परदेशी प्रशिक्षणानंतर. अमेरिकी लॉगबुक दशांशात असते : १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटे, दीड तास नव्हे. तिथे एक वैमानिक हुडखाली (बाहेरचे दिसू नये म्हणून झापड लावून) आणि दुसरा बाहेर नजर ठेवणारा सेफ्टी पायलट असताना, विशिष्ट अटींवर, दोघेही पीआयसी लिहू शकतात. डीजीसीएकडे परवाना बदलून घेताना असे दुहेरी तास धरून चालू नये. सिम्युलेटरचे तास वेगळ्या रकान्यात ठेवावेत, एकूण उड्डाणात मिसळू नयेत. प्रत्येक पानाची बेरीज त्याच दिवशी करावी आणि विमानाच्या टेक-लॉगशी (विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी) ताडून सही घ्यावी. तीन वर्षांनी ती सही मिळवायला गेले, तर प्रशिक्षक दुसऱ्याच राज्यात असतो.

फुगवलेले तास हा गुन्हा आहेच, शिवाय तो उघडकीस येतो. जानेवारी २०११ मध्ये दाबोळीला एक एअरबस ए३२० पुढच्या चाकावर टेकले. त्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले एटीपीएल समोर आले आणि देशभर परवान्यांची तपासणी झाली. त्याच वर्षी राजस्थानात प्रत्यक्ष न झालेली उड्डाणे कागदावर दाखवल्याची प्रकरणे निघाली. तेव्हापासून लॉगबुकाची छाननी कडक आहे. खोटे तास नसले, तरी जमवलेल्या तासांमागे कौशल्य आहे का हे सिम्युलेटर चाचणी दहा मिनिटांत दाखवते : ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (पडद्यावर दिशा दाखवणारी खूण) बंद ठेवून आयएलएस (रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरणे), व्ही१ नंतर (ज्या वेगानंतर उड्डाण थांबवता येत नाही) इंजिन बंद पडणे, मग एकाच इंजिनावर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणे). दोनशे तासांतले शेवटचे चाळीस केवळ हवेत घोटाळण्यात घालवलेला उमेदवार इथेच अडखळतो. तेच तास अप्रोच (उतरण्याची तयारी) आणि होल्डिंगच्या (हवेत ठरावीक जागी घिरट्या घालण्याच्या) सरावाला देता येतात, खर्च तेवढाच.

मालवाहू कामाचा स्वतःचा भाग मुलाखतीत येतो. उड्डाणे मुख्यतः रात्रीची. पहाटे दोन ते सहा हा शरीर सर्वांत मंदावण्याचा काळ, त्यामुळे विश्रांतीचे नियोजन विचारले जाते. भार कसा विभागला, पॅलेटचे (माल ठेवायच्या फळ्यांचे) लॉक बसले का, गुरुत्वमध्य मर्यादेत आहे का, हे कप्तानाला कागदावर तपासता आले पाहिजे. धोकादायक मालाचे प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि ‘फक्त मालवाहू विमानासाठी’ असे लेबल लावलेला माल याच विमानांतून जातो. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ यूपीएसचे ७४७ आग लागून कोसळले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या आणि दोन्ही वैमानिक दगावले. मुख्य डेकवर धूर झाल्यास मुखवटा, संवाद आणि जवळचा विमानतळ या क्रमाने काय करायचे, याचे उत्तर उमेदवाराला न अडखळता देता आले पाहिजे.