गाठ स्तनात, मग तपासणी हृदयाची का?

‘गाठ स्तनात आहे, मग हृदयाची तपासणी कशाला?’ केमो सुरू होण्याआधी टूडी इकोची चिठ्ठी हातात पडली की हा प्रश्न हमखास निघतो. कुणाला वाटतं डॉक्टर उगाच खर्च वाढवतायत, कुणाला वाटतं हृदयाचाही आजार आहे आणि तो आपल्यापासून लपवतायत. दोन्ही शंका चुकीच्या आहेत. खरं कारण एका लाल औषधात आहे. पेशीच्या आत ते औषध काय करतं हे मला फार विलक्षण वाटतं, म्हणून तेवढा भाग जरा सविस्तर सांगते.

औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, मुलांचा रक्ताचा कर्करोग, अशा अनेक आजारांत ते वापरतात. डे-केअरमध्ये नर्स ते शिरेत अगदी सावकाश सोडते आणि सुईच्या जागेवरून नजर हटवत नाही, कारण शिरेबाहेर गळलं तर आजूबाजूचं मांस खराब होतं. पुढचा एक-दोन दिवस लघवी लालसर होते. हे औषध आणि त्याची भावंडं सापडली ती मातीतल्या जीवाणूंत. १९५० च्या दशकात दक्षिण इटलीतल्या कास्तेल देल मोंते किल्ल्याजवळच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जीवाणू मिळाला, त्याच्यापासून ही औषधं आली. पुणेकरांना हे कुळ परकं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेलं हमायसिन हे बुरशीविरोधी औषधही याच कुळातल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवाणूचं.

आता कोड्याकडे येऊ. केमो भराभर विभागणाऱ्या पेशींना मारते. म्हणून केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र क्वचितच विभागतात. ऐन पंचविशीतही वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात. मग तडाखा त्यांना का बसावा?

डीएनएचे दोन पेड सुतळीसारखे पिळलेले असतात. सुतळी एका टोकाकडून उलगडायला लागा, पुढचा पीळ घट्ट होत जातो. पेशीत हा ताण सोडवण्याचं काम टोपोआयसोमरेज-२ नावाचं विकर (एन्झाइम) करतं. ते डीएनएचे दोन्ही पेड कापतं, त्या फटीतून दुसरा पट्टा आरपार काढतं आणि कापलेली टोकं पुन्हा जोडतं. डॉक्सोरुबिसिन नेमकं कापणं आणि जोडणं यांच्या मध्ये जाऊन अडकतं. डीएनए तुटलेलाच राहतो, पेशी मरते.

या विकराचे दोन भाऊ आहेत. अल्फा विभागणाऱ्या पेशींत भरपूर असतो, म्हणून गाठीवर घाव बसतो. बीटा न विभागणाऱ्या पेशींतही असतो, आणि हृदयाच्या पेशीत असतो तो हाच. औषधाला या दोघांतला फरक कळत नाही. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयपेशींतून बीटाचं जनुक काढून टाकलं, तर डॉक्सोरुबिसिन देऊनही हृदय बऱ्याच अंशी सुरक्षित राहिलं. बीटा अडकला की डीएनए तर तुटतोच, शिवाय नवी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची वीजघरं, बनवण्याच्या सूचना देणारी जनुकंही मंदावतात. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या स्नायूचा ऊर्जेचा पुरवठाच आटतो.

त्याआधी सगळा दोष लोह आणि फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) यांच्यावर टाकला जायचा. त्यांचा वाटा आहेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. केमोच्या काळात ‘हृदयाला जपणारी’ अँटिऑक्सिडंट पावडर, गव्हांकुराचा रस, हनुमानफळाच्या पानांचा काढा घरोघरी पोचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. व्हिटॅमिन ई देऊन हृदय वाचवण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत आणि ते फसले आहेत. ‘केमोने हृदय जातं, त्यापेक्षा काढा बरा’ हे ऐकून उपचार सोडणाऱ्याचा तर जीवच धोक्यात येतो.

धोका साठत जाणाऱ्या मात्रेवर ठरतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम झाल्यावर सुमारे ५ टक्के रुग्णांचं हृदय निकामी होऊ लागतं, ५५० ला हा आकडा २६ टक्क्यांवर जातो. स्तनाच्या कर्करोगात ६० च्या चार सायकल देतात, म्हणजे २४०. म्हणून घाबरून जाऊ नये, पण एकूण मात्रा फाइलमध्ये लिहून घ्यावीच.

स्तनाच्या काही कर्करोगांत दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. पेशीवरच्या हर-२ या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) ते अडवतं, तिच्यामार्फत हृदयपेशीही स्वतःची डागडुजी करतात. पेशी सहसा मरत नाहीत, औषध थांबवल्यावर बहुधा सावरतात. म्हणून वर्षभर दर तीन महिन्यांनी इको.

इको करताना डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला जेली लावून प्रोब फिरवतात, चित्र थांबवून डाव्या कप्प्याची कड आखतात. दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडलं, तो आकडा म्हणजे ईएफ. तो १० अंकांनी घसरून ५० च्या खाली आला, तर काळजीचं. पण वेगळं मशीन, वेगळा हात, एवढ्यानेही आकडा तितका हलू शकतो. बारामतीहून किंवा साताऱ्याहून पुण्यात येणारे रुग्ण पहिली इको गावाकडे, दुसरी इथे, तिसरी आणखी कुठे करतात, मग तुलना कशाशी करायची? शक्यतो एकाच ठिकाणी करा. आणि कॅन्सरचे डॉक्टर व हृदयाचे डॉक्टर यांनी एकच फाइल पाहून बोलायला हवं, रुग्णाने निरोप्या होऊन दोन इमारतींत फिरू नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण वेळ महत्त्वाची आहे. इटलीतल्या मिलानमध्ये डॉक्सोरुबिसिनच्या गटातली औषधं घेतलेल्या २,६२५ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ९ टक्क्यांच्या हृदयावर परिणाम झाला, आणि त्यातल्या ९८ टक्क्यांमध्ये तो पहिल्याच वर्षात दिसला. लगेच एनालाप्रिल किंवा बीटा-ब्लॉकर (हा बीटा वेगळा, वरच्या विकराचा नव्हे) यांसारखी रक्तदाबाची साधी औषधं दिल्यावर १०० पैकी ८२ जणांचं हृदय सुधारलं, पण पूर्ववत झालं ते फक्त ११ जणांचं.

लहानपणी हे औषध घेतलेल्यांचा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. ल्युकेमियातून बरी झालेली मुलगी वीस वर्षांनी गरोदर राहिली, तर तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ती जुनी फाइल पहिल्याच भेटीत दाखवा.