डिस्कला आउट का येतो, आणि तो काढावा कसा

डिस्क ब्रेकच्या सायकलमध्ये चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी म्हणजे डिस्क. ती जराशी बाजूला झुकली की तिला आउट आला असं म्हणतात. सायकल स्टँडला लावा आणि चाक हाताने फिरवा. दर फेरीला एकदाच ‘शिंग’ असा आवाज येत असेल, तर डिस्क कुठेतरी बाजूला झुकली आहे. घासण्याचा आवाज सलग येत असेल, तर बहुतेक वेळा डिस्कचा काही दोष नसतो. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, तिरका बसलेला असतो किंवा त्यातला एखादा पिस्टन (दट्ट्या) अडकलेला असतो. हा फरक आधी कानाने ओळखायला शिकावं, असं मी कळकळीने सांगेन. माउंटन बाइकच्या चांगल्या-चांगल्या डिस्क घाईने पाना लावल्यामुळे वाया जातात.

पण इतक्याशा बाकाने आवाज यावाच का? द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लिव्हरकडचा पिस्टन लहान असतो आणि कॅलिपरमधले मोठे. त्यामुळे बोटाचा जोर कितीतरी पटींनी वाढून पॅडपर्यंत, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या तुकड्यांपर्यंत, पोचतो. मात्र जोर जितक्या पटींनी वाढतो, तितक्याच पटींनी पॅडचं सरकणं कमी होतं. लिव्हर चांगली सेंटिमीटरभर ओढली तरी पॅड मिलिमीटरचा जेमतेम काही हिस्सा पुढे येतो. म्हणून पॅड डिस्कच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना पाव मिलिमीटरच्या आसपास फट ठेवून बसवावे लागतात. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती जराशी मुरडते आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढून घेते. ही सगळी हालचाल दशांश मिलिमीटरमधली आहे, त्यामुळे डिस्क ०.३ मिमी झुकली तरी ती पॅडला लागतेच.

आता हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या ज्या भागावर डिस्क बसते तिकडे, या. सहा बोल्टच्या डिस्कचे बोल्ट ४४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात, आणि डिस्क स्वतः १६० मिमी, १८० मिमी किंवा त्याहून मोठी. समजा, हब आणि डिस्क यांच्यामध्ये एका बोल्टपाशी ०.१ मिमी जाडीचा वाळूचा कण किंवा रंगाचा पोपडा अडकला. डिस्क तेवढी कलते आणि हा कल कडेपर्यंत जाताना वाढत जातो. १६० मिमीच्या डिस्कची कड फिरताना ०.३६ मिमी डोलते, तर २०३ मिमीच्या डिस्कची ०.४६ मिमी. म्हणजे पोलाद अगदी सरळ असूनही डिस्क घासू शकते. अशा डिस्कची खूण अशी, की ती अर्धी फेरी हळूहळू एकीकडे जाते आणि उरलेली अर्धी दुसरीकडे. दगडाचा मार बसलेली डिस्क वेगळी दिसते. ती बहुतेक फेरीभर सरळ चालते आणि एकाच जागी पटकन हलते.

म्हणून वाकवण्याचा विचार येण्याआधी चाक धरून आडवं हलवून बघा, बेअरिंगमध्ये खेळ नाही ना. मग डिस्क काढा, हबचा पृष्ठभाग पुसा आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळत आणा. किती आवळायचे ते त्या कंपनीचं माहितीपत्रक पाहूनच ठरवा. शिमानो सहा बोल्टच्या डिस्कला २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, स्रॅम ६.२. माझ्या मते इथेच निम्मं काम होऊन जातं.

दुसरं कारण उष्णतेचं, आणि पदार्थविज्ञान आवडणाऱ्याला यात खरी गंमत आहे. सिंहगडाच्या घाटरस्त्याने उतरताना ५०० मीटरहून जास्त उंची खाली यावं लागतं. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर ५०० मीटरमागे सुमारे ४.४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरमध्ये. सतत ब्रेक धरून सावकाश उतरणाऱ्याची बहुतेक ऊर्जा दोन डिस्कमध्ये जाते. या दोन डिस्क मिळून पाव किलोच्या आसपास भरतात. ती सगळी उष्णता त्यांच्यातच साठून राहिली असती, तर त्यांचं तापमान साडेतीन हजार अंशांनी वाढलं असतं आणि पोलाद त्याच्या कितीतरी आधी वितळलं असतं. तसं होत नाही, कारण वारा वाटेतच उष्णता काढून नेत असतो. एकसारखा ब्रेक धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबून मग पूर्ण सोडणं चांगलं, तेही याचसाठी. सायकल मधल्या टप्प्यात जरा वेगात जाते, तेव्हा हवेचा विरोध जास्त ऊर्जा घेतो आणि डिस्कला वाराही भरपूर मिळतो.

तरीही बाहेरचं कडं मधल्या भागापेक्षा खूप तापतं. ते हबपेक्षा २०० अंशांनी गरम झालं, तर १६० मिमी व्यासाच्या कड्याला सुमारे ०.३५ मिमीने मोठं व्हायचं असतं. कड्याला मधल्या भागाशी जोडणाऱ्या आतल्या थंड दांड्या त्याला तसं होऊ देत नाहीत. मग ते बाजूला फुगतं, आणि हे फुगणं मूळ वाढीपेक्षा कितीतरी मोठं असतं. १०० मिमी लांबीची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की धरून तिची लांबी फक्त ०.१ मिमीने वाढवली, तर तिचा मधला भाग जवळजवळ २ मिमी बाहेर येतो. डिस्कच्या कड्यावर वाढ वर्तुळात वाटली जाते, त्यामुळे इतका बाक येत नाही. पण लांबीतली नगण्य वाढ बाजूच्या मोठ्या बाकात बदलते, हे तत्त्व तेच. बऱ्याच डिस्कच्या दांड्या सरळ न ठेवता तिरक्या ठेवतात, त्याचा इथे उपयोग होतो. कडं प्रसरण पावताना किंचित फिरून स्वतःला जागा करून घेतं. काही डिस्कमध्ये पोलादी कडं ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर रिव्हेटने थोडं सैल बसवलेलं असतं, म्हणजे ते मोकळेपणाने वाढू शकतं.

तेव्हा उतार संपताना डिस्क वाजायला लागली, तर थांबा आणि ती निवू द्या. बऱ्याचदा आवाज आपोआप जातो. गरम डिस्कला पाना लावू नका, बोट तर मुळीच लावू नका, आणि तिच्यावर पाणीही ओतू नका. एकीकडून अचानक थंड झालेल्या पोलादात कायमचा बाक राहू शकतो.

निवल्यावरही बाक कायम असेल, तर मात्र आउट काढायला घ्या. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरला की पॅड आणि डिस्कमधली उजेडाची रेघ दिसते. चाक अगदी हळू फिरवा. रेघ जिथे नाहीशी होते, तिथल्या दांडीवर मार्करने खूण करा. पॅड घासतो त्या पट्ट्यावर नको. मग खाच असलेलं डिस्कचं हत्यार किंवा स्वच्छ पुसलेला छोटा स्क्रू पाना तिथे लावून हलकेच विरुद्ध दिशेला दाबा. पहिल्या दाबाला काहीच बदलणार नाही, कारण पोलाद स्थितिस्थापक आहे आणि एका मर्यादेपर्यंत ते पुन्हा मूळ जागी येतं. ती मर्यादा किंचित ओलांडली तरच बाक निघतो. म्हणून सरळ रेषेच्या जरा पलीकडे न्यायचं, सोडायचं, बघायचं, आणि लागलं तर आणखी जरासं. एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिल्यास तिथलं पोलाद कडक होत जातं आणि दांडीच्या मुळाशी तडा जाऊ शकतो. पॅडला लागत नाही इतकं झालं की हात थांबवावा. शून्याच्या मागे लागू नये. शेवटी डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, बोटांचं तेल पॅडमध्ये मुरलं की ब्रेकचा जोर जातो.

एक तक्रार मात्र अशी आहे, जी आउट काढून जात नाही. ब्रेक लावल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडते, ती. साधा बाक असेल तर ब्रेक लावताना दोन्ही पॅड डिस्कला दाबून सरळ करतात, त्यामुळे बोटांना तो फारसा जाणवत नाही. लिव्हर धडधडते तेव्हा बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसते किंवा पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो.

जाडी मायक्रोमीटरने मोजावी. शिमानोची नवी डिस्क साधारण १.८ मिमी असते आणि किमान जाडी १.५ मिमी हे डिस्कवरच कोरलेलं असतं. ०.३ मिमी झीज ऐकायला किरकोळ वाटते. पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून एवढ्या झिजेत तो ४० टक्क्यांहून अधिक घटतो. अशी डिस्क आज सरळ केली तरी पुढच्या घाटात पुन्हा वाकेल. ती बदलून टाका.