भौतिकशास्त्राची तीन मिनिटांची फिल्म बनवून घेताना

काम देताना विषय सांगू नका, प्रश्न सांगा. 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' (हलत्या चुंबकामुळे धातूत वीजप्रवाह निर्माण होणं) तीन मिनिटांत मावत नाही. 'चुंबक तांब्याला चिकटत नाही, मग तांब्याच्या नळीतून पडताना का रेंगाळतो?' हा प्रश्न मावतो. संहिता अडीचशे शब्दांवर जाऊ देऊ नका. प्रयोग चालू असताना निवेदकाने गप्प राहायचं असतं.

हाच प्रयोग घेऊ. एसीच्या कामाची पाच सुती (5/8 इंच व्यासाची) तांब्याची नळी, लांबी 1 मीटर. 12 मिमी व्यासाचा निओडिमियम चुंबक आणि त्याच मापाचा पितळेचा तुकडा. वेटोळं सरळ करून घेतलेली नळी चालणार नाही. तिच्यात कुठेतरी बाक राहतो, चुंबक घासतो, आणि 'आत अडकत असेल' हा प्रेक्षकाचा संशय खरा ठरतो. नळी ओळंब्याने उभी करून लाकडी स्टुलाला बांधा. लोखंडी टेबल जवळ असलं तर चुंबक तिकडे झेपावतो. खाली जाड घडीचं कापड हवंच, कारण निओडिमियम ठिसूळ असतं आणि फरशीवर आपटलं की त्याचे टवके उडतात.

आधी चुंबक नळीला बाहेरून लावून दाखवायचा: चिकटत नाही. मग पितळेचा तुकडा सोडायचा. तो सुमारे अर्ध्या सेकंदात खाली येतो. मग चुंबक, ज्याला कित्येक सेकंद लागतात. नळीची दोन्ही टोकं एकाच चौकटीत ठेवा आणि मध्ये कट घेऊ नका. कट दिसला की हातचलाखीचा संशय येतो, आणि तो रास्त असतो. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर पितळेचं पडणं जेमतेम 11-12 फ्रेममध्ये संपतं. म्हणून तुकडा खाली पडल्याचा आवाज वेगळ्या माइकवर घ्या. शेवटी एका बाजूने उभी चिरलेली नळी वापरा. तिच्यात चुंबक बराच लवकर पडतो, कारण पडत्या चुंबकामुळे नळीत निर्माण होणाऱ्या, नळीभोवती गोल फिरून चुंबकाला अडवणाऱ्या वीजप्रवाहाची वाट तुटलेली असते. आमच्या मते उत्तर पटवणारा शॉट हाच. वेळ कमी पडला तर दुसरं काहीही कापा.

भारतात वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे अनेक साधे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 सेकंदावर ठेवलं तर ते जाणवत नाही. 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मात्र सगळं चित्र थरथरतं. असे शॉट उन्हात घ्यावेत.

अ‍ॅनिमेशनमध्ये एक चूक हमखास होते: चुंबकाच्या वर आणि खाली प्रवाहाचे बाण एकाच दिशेने फिरवले जातात. ते एकमेकांच्या उलट दिशेने हवेत. खालचा प्रवाह चुंबकाला मागे ढकलतो, वरचा मागे खेचतो. 'चुंबक हवेत थांबतो' असंही लिहू नका. थांबला तर प्रवाहच उरणार नाही. तो जवळजवळ एकसारख्या वेगाने उतरत राहतो आणि गमावलेली ऊर्जा नळीत उष्णता होऊन जाते.

शब्दांना जपा. बोलताना आपण जोर, ताकद, शक्ती एकाच अर्थाने वापरतो; भौतिकशास्त्रात बल वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा त्याहून वेगळी. फिल्मभर एका संकल्पनेला एकच शब्द ठेवा.

अ‍ॅनिमेशन सुरू होण्यापूर्वी कच्ची फिल्म दहावीनंतर विज्ञान सोडलेल्या पाच जणांना दाखवा. 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'नळी प्लास्टिकची असती तर काय झालं असतं?' असं विचारा. दोघं जरी चुकले, तरी संहिता पुन्हा लिहायला घ्यावी.