गढूळ द्रवातला साका आवाजाने कसा मोजतात: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

औषधाचे सस्पेन्शन, रंग, शाई, सिरॅमिकची स्लरी, खनिज धुतलेले पाणी. या सगळ्यांत न विरघळलेले घन कण द्रवात विखुरलेले असतात आणि आज ना उद्या ते तळाशी बसणार असतात; हाच साका. किती वेळाने बसतील, वरचा थर कधी निवळू लागेल, आणि खालचा गाळ पुन्हा ढवळला जाईल की दगडासारखा घट्ट होईल, हेच प्रश्न घेऊन बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात. हे माहितीपत्रक वाचून कुणाला यंत्र चालवता येणार नाही. पण अहवालातला आलेख हातात पडला की त्यातल्या रेघा काय सांगतात ते कळेल, आणि आम्हाला कुठे अडवून प्रश्न विचारायचा तेही.

नुसत्या डोळ्यांनी का भागत नाही

मेजरिंग सिलिंडरमध्ये नमुना ओतायचा, निवळ आणि गढूळ यांच्यामधली रेषा दर थोड्या वेळाने टिपायची, ही जुनी पद्धत आजही चांगली आहे. तिला आम्ही नावे ठेवत नाही. अडचण येते ती दाट आणि गडद नमुन्यांत. तिथे वरचा थर स्वच्छ झाल्याशिवाय डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि मधल्या व तळाच्या भागात काय चालले आहे ते तर कधीच दिसत नाही. प्रकाश आरपार सोडून मोजणारी उपकरणेही अशा वेळी थकतात. मग सुचवले जाते की नमुना पातळ करा.

आमचा विरोध आहे तो या पातळ करण्याला. कारण थोडे आकड्यांत पाहू.

एकटा कण द्रवात किती वेगाने खाली जातो, याचे सूत्र जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिले. वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कण आणि द्रव यांच्या घनतेतल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) वाढली की कमी होतो. साध्या पाण्यात १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) क्वार्ट्झचा कण सेकंदाला सुमारे ०.०९ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे १० सेंटिमीटर उतरायला साधारण १८ ते १९ मिनिटे. तोच कण १ मायक्रॉनचा असेल तर वेग शंभरपट कमी, आणि तेवढ्याच अंतराला सुमारे ३१ तास.

हे झाले एकट्या कणाचे. कणांची गर्दी असली की प्रत्येक कण खाली जाताना द्रवाला वर ढकलतो आणि ते वर येणारे द्रव शेजारच्या कणांना अडवते. १९५४ मध्ये रिचर्डसन आणि झाकी यांनी या अडथळ्याचे जे सूत्र मांडले त्यानुसार, बारीक कणांचे प्रमाण आकारमानाने २० टक्के असेल तर बसण्याचा वेग एकट्या कणाच्या जेमतेम ३५ टक्के उरतो. हाच नमुना पातळ करून १ टक्क्यावर आणला तर तो मूळ नमुन्याच्या अडीचपटीहून अधिक वेगाने बसेल. शिवाय पातळ करताना स्टॅबिलायझरचे, म्हणजे कण विखुरलेले ठेवणाऱ्या घटकाचे, प्रमाणही बदलते. म्हणजे मोजला जातो तो भलताच नमुना. तुमच्या बाटलीतला नव्हे.

आवाज आत शिरून काय आणतो

आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या कितीतरी पट वरच्या कंप्रतेचा, साधारण १ ते १० मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाउंड आम्ही वापरतो. पात्राच्या एका बाजूला बसवलेला ट्रान्सड्यूसर (विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणारा भाग) छोटा स्पंद सोडतो आणि समोरचा ट्रान्सड्यूसर तो पकडतो. ५ मेगाहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर असते. काही मायक्रॉनच्या कणांपेक्षा ती खूपच मोठी असल्यामुळे, जिथे प्रकाश अडतो तिथूनही आवाज पार होतो. अशा जोड्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे एकाच वेळी वर, मध्ये आणि तळाशी काय चालले आहे ते नोंदले जाते. नमुन्याला कुणी हात लावत नाही की ढवळत नाही.

“पण अल्ट्रासाउंडने तर गुठळ्या फुटतात ना?” हा प्रश्न हमखास येतो. फुटतात, पण त्या अल्ट्रासॉनिक क्लीनिंगच्या टाकीत. तिथली कंप्रता दहाच्या काही पट किलोहर्ट्झ आणि शक्ती जबरदस्त असते. इथला स्पंद इतका क्षीण आणि आखूड असतो की कणांना त्याची दखलही नसते.

प्रत्येक स्पंदातून दोन आकडे मिळतात: आवाजाला पलीकडे पोहोचायला किती वेळ लागला आणि पोहोचेपर्यंत तो किती क्षीण झाला. पहिल्यातून वेग निघतो. दुसरी क्षीणता आम्ही डेसिबलमध्ये देतो. ६ डेसिबलची क्षीणता म्हणजे लहरीची उंची निम्मी झाली, २० म्हणजे एक दशांश उरली.

वेगाचा आकडा पाहताना बरेच जण गोंधळतात. घन पदार्थातून आवाज द्रवापेक्षा वेगाने जातो, मग कण वाढले की वेग वाढायला हवा, असे कुणालाही वाटेल. बारीक, जड कणांच्या बाबतीत सुरुवातीला नेमके उलटे होते. कण मिसळल्याने मिश्रणाची घनता पटकन वाढते, पण ते दाबले जाण्याचा गुण त्या मानाने हळू कमी होतो, आणि वेग घटतो. २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १४८२ मीटर असतो. १९४७ मध्ये उरिक यांनी सस्पेन्शनसाठी वापरलेल्या हिशोबाने त्यात आकारमानाने ५ टक्के बारीक क्वार्ट्झ मिसळले तर वेग सुमारे १४६० वर येतो. २० टक्क्यांच्या आसपास तो १४२७ पर्यंत उतरतो. तिथून पुढे मात्र तो चढू लागतो आणि ४० टक्क्यांच्या जवळपास पुन्हा १४६० ला पोहोचतो.

म्हणजे १४६० हा एकच आकडा विरळ द्रवाचाही असू शकतो आणि दाट गाळाचाही! म्हणून नुसत्या वेगावरून घनांश (घन कणांचे प्रमाण) सांगणाऱ्या अहवालावर विसंबू नका, अगदी तो आमचा असला तरी. क्षीणता सोबत पाहावी लागते, आणि तो आकडा कोणत्या दिशेने सरकत तिथवर आला हा इतिहासही.

क्षीणतेची कारणे कणाच्या आकारानुसार बदलतात. मायक्रॉनच्या आसपासचे जड कण आवाजाबरोबर हलणाऱ्या द्रवाच्या मागे पडतात आणि घर्षणात ऊर्जा जाते. मोठे कण आवाज इकडेतिकडे विखुरतात, आणि हे विखुरणे कंप्रता वाढली की फार झपाट्याने वाढते. त्यामुळे एकाऐवजी अनेक कंप्रतांवर मोजले की कण एकमेकांना चिकटून पुंजके होऊ लागले आहेत का, याचा माग लागतो. या पद्धतीसाठी आयएसओ २०९९८ हे मानक आहे. त्याचा पहिला भाग २००६ मध्ये आला. यातून कणांचा आकारही काढता येतो, पण त्यासाठी कण आणि द्रव या दोन्हींचे गुणधर्म आधी माहीत असावे लागतात. ते नसताना काढलेला आकार दिसतो छान, पण अर्थ शून्य.

आलेख असा वाचा

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर क्षीणता आणि तीन रेघा: वरची उंची, मधली, तळाची. सुरुवातीला तिन्ही एकाच ठिकाणी हव्यात. नसतील तर नमुना नीट मिसळलेला नव्हता आणि पुढचे काही वाचण्यात हशील नाही.

मग वरची रेघ एका क्षणी कोसळते. निवळ थराची सीमा त्या उंचीवरून खाली गेली तो हा क्षण. काही वेळाने मधली रेघ कोसळते. समजा दोन्ही उंचींत २० मिलिमीटरचे अंतर आहे आणि दोन्ही घसरणींत ४० मिनिटांचे, तर सीमा मिनिटाला अर्धा मिलिमीटर खाली येते आहे. घसरण कड्यासारखी उभी असेल तर कण गर्दीने, एकत्र बसत आहेत. लांबट उतार असेल तर लहानमोठे कण आपापल्या चालीने चालले आहेत: मोठे पुढे गेले, बारीक मागे रेंगाळले.

मधली रेघ कितीतरी वेळ सपाट राहते आणि ग्राहक म्हणतात, “इथे तर काहीच होत नाही.” होत असते. त्या थरातून जितके कण खाली जातात तितकेच वरून येतात, म्हणून प्रमाण बदलत नाही. १९५२ मध्ये किंच यांनी साक्याचे जे गणित मांडले त्यात हे स्पष्ट दिसते: वरची सीमा किंवा तळाचा गाळ येऊन पोहोचेपर्यंत मधला थर जसाच्या तसा राहू शकतो.

तळाची रेघ आम्ही सर्वांत जास्त वेळ पाहतो. गाळ त्या उंचीपर्यंत चढला की ती उसळते. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. उसळल्यावर ती थांबली तर गाळ सैल आहे. दिवसेंदिवस हळूहळू सरकत राहिली तर गाळ आपल्याच वजनाने दबतो आहे. इथे एक समज खोडायलाच हवा, की हळू बसणारा नमुना चांगला. सुटे सुटे कण सावकाश बसतात आणि एकमेकांच्या फटीत चपखल बसून असा घट्ट थर करतात की बाटली कितीही हलवा, सुटत नाही. सैल पुंजके करणारा नमुना भराभर बसतो, गाळ फुगीर दिसतो, पण दोन हिसक्यांत पुन्हा एकजीव होतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने कित्येकदा दुसराच बरा.

तापमान आणि बुडबुडे

मोजणी बिघडते ती बहुतेकदा या दोघांमुळे.

२० अंशांच्या आसपास पाण्याचे तापमान १ अंशाने वाढले की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटरने वाढतो. वरच्या क्वार्ट्झच्या उदाहरणात घनांश १ टक्क्याने कमी झाला तर वेग सुमारे ५ मीटरने वाढतो. म्हणजे पात्र नुसते एका अंशाने तापले तरी यंत्राला वाटेल, अर्ध्या टक्क्याहून जास्त घन पदार्थ खाली गेला. साका नाही, काही नाही, आणि आलेखावर मात्र नमुना निवळतो आहे! म्हणून मोजणी सुरू करण्याआधी नमुना पात्राच्या तापमानाला येऊ देतो आणि तापमानाची रेघ प्रत्येक अहवालात छापतो. ती रेघ नसलेला अहवाल कुठूनही आला तरी मागून घ्या.

बुडबुड्यांचे दुखणे याहून वाईट. पाण्यातला ३ मायक्रॉन त्रिज्येचा हवेचा बुडबुडा साधारण १ मेगाहर्ट्झला अनुनाद करतो, म्हणजे आपण वापरतो त्याच पट्ट्यात. डोळ्यांना न दिसणारी हवा मूठभर कणांपेक्षा जास्त आवाज गिळते. नमुना भरताना पात्र तिरके धरून भिंतीच्या कडेने सावकाश ओतावे लागते, काचेला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून सोडवावे लागतात, आणि साबणासारखा घटक असलेल्या नमुन्यातली हवा व्हॅक्यूमने काढावी लागते. जेलसारखे दाट नमुने तर तासन्‌तास हवा धरून ठेवतात. मोजणीच्या पहिल्या भागात तिन्ही रेघा एकदमच खाली येत असतील तर तो साका नसतो. हवा निघून जात असते.

टाकीत बसवायचे असेल तर

सांडपाण्याच्या किंवा खनिजाच्या निवळण टाकीत प्रोब (आवाज सोडणारा आणि पकडणारा भाग) वरून खाली तोंड करून बसवतात आणि गाळाच्या थरावरून येणारा प्रतिध्वनी पकडतात. प्रतिध्वनी ४ मिलिसेकंदांनी आला तर थर सुमारे ३ मीटर खाली आहे. गाळ फुगीर असेल तर प्रतिध्वनी दुबळा येतो, गाळ खरवडणारा फिरता स्क्रेपर खोटा प्रतिध्वनी देतो आणि प्रोबच्या तोंडावर साय धरली की यंत्र मुके होते. तोंड नियमित पुसण्याची जबाबदारी कुणाची, हे आधीच ठरवा.

आमच्याकडे येण्याआधी

नमुना पारदर्शक द्रवात तासाभरात बसत असेल तर सिलिंडर आणि घड्याळ पुरे. आम्ही तेच सांगून परत पाठवू. नमुन्यात आंबण्याने किंवा रासायनिक क्रियेने सतत वायू तयार होत असेल तर ही पद्धत त्याच्या कामाची नाही. उत्तर आजच्या आज हवे असेल तर सेंट्रिफ्यूजची (नमुना वेगाने गरगर फिरवून कण बसवणाऱ्या यंत्राची) चाचणी जलद आहे, मात्र गुरुत्वाखाली उभी राहणारी जेलची जाळी सेंट्रिफ्यूजमध्ये मोडू शकते, हे लक्षात ठेवून तिचा निकाल वाचावा. आमची मोजणी नैसर्गिक गतीने चालते. डोळ्यांना दिसण्याआधी बदल पकडते, पण चार दिवसांच्या रेघेवरून दोन वर्षांची हमी आम्ही लिहून देत नाही.

नमुना मूळ दाटपणाचाच द्या. सोबत कण न घातलेले नुसते द्रव वेगळ्या बाटलीत हवेच. तुलनेचा पाया तेच असते आणि नेमके तेच आणायचे बहुतेकांकडून राहून जाते. कण आणि द्रव यांची घनता, घनांश वजनाने की आकारमानाने दिला आहे, माल कोणत्या तापमानाला साठवला जातो आणि कारखान्यात तो कसा व किती वेळ ढवळता, हे चिठ्ठीवर लिहा, म्हणजे आम्हीही तसाच ढवळू. सेफ्टी डेटा शीट जोडलेली नसेल तर झाकण उघडले जाणार नाही. आणि कृपया, बाटली देताना प्रेमाने खळखळून हलवू नका. ते आम्ही करतो, हवा न शिरू देता.