बातमी कशाची आणि बातमी कशी

माध्यमं लोकमत घडवतात असं आपण सरसकट म्हणतो. त्या एका वाक्यात दोन वेगळी कामं मिसळलेली असतात. कशावर बोलायचं हे ठरवणं म्हणजे अजेंडा सेटिंग. त्याच विषयाकडे कुठल्या बाजूने बघायचं हे ठरवणं म्हणजे फ्रेमिंग.

फ्रेमिंग सांगलीकरांना वेगळं शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. पूर कशामुळे? ‘अलमट्टीची फूग’, म्हणजे खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे मागे तुंबलेलं पाणी, म्हटलं की राग कर्नाटकावर जातो आणि मागणी होते धरणाचे दरवाजे उघडण्याची. ‘पूररेषेतली बांधकामं’ म्हटलं की महापालिका आणि बिल्डर समोर येतात. ‘कोयनेतून पाणी उशिरा सोडलं’ म्हटलं की जलसंपदा खातं. घरात शिरलेला गाळ तोच, पण मथळ्यातल्या दोन शब्दांनी दोषी बदलतो. या पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने पुढे अलमट्टीला पुराचं कारण मानलं नाही. तरी पावसाळा लागला की इथे पहिलं नाव अलमट्टीचंच निघतं, इतकी ती मांडणी अंगवळणी पडली आहे.

आता अजेंडा सेटिंग. त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्यात, जत-आटपाडीकडे टँकरची वाट बघणारी गावं होती. त्यांच्याबद्दल कुणी खोटं छापलं, असं नव्हतं. कॅमेरे सगळे पुराकडे होते, एवढंच. मॅककोम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी अमेरिकेतल्या १९६८च्या निवडणुकीवेळी चॅपल हिलमधल्या मतदारांना विचारून हेच तपासलं होतं: बातम्यांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली, तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते.

मला हा प्रकार जास्त घातक वाटतो. मांडणी पटली नाही तर पारावर भांडता येतं, उलटं पत्र लिहिता येतं. जो विषय कानावरच आला नाही, त्याच्यावर वाद घालणार कसा?

मोबाइलने यात भर घातली. आधी पहिलं पान निदान सगळ्या गावाला सारखं असायचं; आता कुणाला काय आधी दिसणार हे आपण मागे काय बघितलं त्यावर ठरतं. पावसाळ्यात ‘कोयना विसर्ग इतके क्युसेक, आयर्विन इतके फूट’ हा मेसेज फिरतो, आणि नदीकाठी तो हवाच, त्यावर माणसं सामान माडीवर हलवतात. तो जतमधल्या फोनवरही पोचतो. जतच्या टँकरच्या खेपा किती झाल्या, हे मात्र सांगलीतल्या ग्रुपवर क्वचितच येतं.