पांढऱ्यावर पांढरं: एसईओचे नियम आले कुठून

पूर्वी काही वेबसाईटवर एक गंमत दिसायची. पान खाली सरकवत गेलं की तळाशी नुसती मोकळी पांढरी जागा, वाटायचं डिझाईन बिघडलंय, पण माऊस धरून तिथून ओढला की सिलेक्शनच्या निळ्या पट्टीत एकच शब्द पन्नास-साठ वेळा लिहिलेला उमटायचा. माणसासाठी नव्हतंच ते, सर्च इंजिनच्या मशीनने वाचावं आणि पान शोधात वर यावं म्हणून ठेवलेलं. पान असं शोधात वर आणायच्या खटपटीलाच एसईओ, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात. आणि चालायचंही बरं का.

का चालायचं? तर सर्च इंजिन आपण शोधतो त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत बसत नाही. क्रॉलर नावाचा प्रोग्राम आधीच लिंकवरून लिंकवर फिरून पानं गोळा करून ठेवतो, मग पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची बनते, कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे त्याची, आणि आपलं उत्तर त्या सूचीतून येतं. १९९० मध्ये मॅकगिल युनिव्हर्सिटीत ॲलन एमटेजने बनवलेलं आर्ची हे सुरुवातीचं सर्च इंजिन तर फाईलींची फक्त नावं साठवायचं, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. १९९४ च्या वेबक्रॉलर नावाच्या सर्च इंजिनपासून पानातला सगळा मजकूर शोधता यायला लागला, पुढच्या वर्षाअखेर अल्टाव्हिस्टा आलं, आणि मग खरी पंचाईत झाली, की सापडलेल्या हजारो पानांतलं वर कुठलं ठेवायचं?

त्यासाठीचं गणित जुनंच होतं. पानात शब्द किती वेळा आलाय ते मोजायचं, आणि जो शब्द एकूण कमी ठिकाणी सापडतो त्याला वजन जास्त द्यायचं, ही दुसरी कल्पना संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्येच मांडली होती. पण ते जग लायब्ररीतल्या कागदपत्रांचं होतं, तिथला कागद काही वरचा नंबर मिळवायला खोटं बोलत नव्हता. वेबवर प्रत्येकाला वर यायचं होतं. त्यात भर म्हणजे मेटा कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या एका ओळीत, 'माझं पान कशाबद्दल आहे' हे मालकानेच लिहायचं, म्हणजे आपणच आपली पाठ थोपटायची. याहूने १९९४ पासून माणसं बसवून साईट निवडायची डिरेक्टरी चालवली, पण वेब ज्या वेगाने वाढत होतं तिथे माणसं पुरणार किती.

स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी उलटा विचार केला, की पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते राहू दे, दुसरे काय म्हणतात ते बघू. शोधनिबंधात दुसऱ्या निबंधाचा दाखला देतात तसंच लिंकचं. त्यात मेख अशी की सगळ्या लिंक सारख्या नाहीत, स्वतः वजनदार असलेल्या पानाची लिंक भारी, आणि त्या पानाने शंभर जणांना लिंक दिली तर ते वजन शंभरात वाटलं जाणार. याला पेजरँक म्हणतात, आणि १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली ती याच्याच जोरावर.

मग काय, लोकांनी हे साक्षीदारच, म्हणजे लिंकच, विकत घ्यायला सुरुवात केली! एकमेकांना लिंक देणाऱ्या साईटींची जाळी विणली, दिसेल त्या कमेंटबॉक्समध्ये लिंक चिकटवल्या. २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचं एमएसएन यांनी मिळून लिंकला लावायची नोफॉलो ही खूण आणली, म्हणजे 'लिंक आहे, पण माझी शिफारस धरू नका'. २००६ मध्ये तर बीएमडब्ल्यूची जर्मन साईट गूगलने काही दिवस काढूनच टाकली, कारण क्रॉलरला शब्दांनी भरलेलं पान दाखवायचं आणि माणूस आला की जावास्क्रिप्टने त्याला दुसरीकडे पाठवायचं असा प्रकार चालला होता. फालतू, पातळ मजकुरावर २०११ मध्ये गूगलचं पांडा अपडेट, म्हणजे रँकिंगच्या पद्धतीतला बदल, आलं आणि लिंकच्या बाजारावर २०१२ मध्ये पेंग्विन. आज एसईओच्या कोर्समध्ये जे 'करू नका' म्हणून शिकवतात ते यातल्याच एकेका लबाडीचं उत्तर आहे.

गंमत म्हणजे नियम पहिल्यांदा केले ते साईटवाल्यांसाठी नाही तर क्रॉलरसाठी. ते सर्व्हरवर तुटून पडायचे म्हणून १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टरने साईटवर ठेवायची रोबोट्स फाईल सुचवली, इथे या, तिथे येऊ नका. कायदा नाही, नुसता शिष्टाचार, रीतसर स्टँडर्ड व्हायला २०२२ उजाडलं. त्या फाईलमध्ये 'येऊ नका' सांगणाऱ्या 'डिसअलाऊ' या शब्दापुढे एकटी तिरकी रेघ राहिली तर अख्खी साईट क्रॉलरला बंद होते, आणि टेस्टिंगच्या वेळची ती रेघ काढायची मी एकदा विसरलोय, साईट लाईव्ह झाल्यावर तीन आठवडे 'कंटेंट कमी पडतोय का' म्हणून डोकं खाजवत बसलो होतो.

आणि तो मेटा कीवर्ड टॅग? रँकिंगसाठी आम्ही तो बघतच नाही असं गूगलने २००९ मध्ये जाहीर सांगितलं. तरी साईट बनवून देणारे काही जण तो अजून इमानेइतबारे भरतात, आणि बिलात त्याची वेगळी ओळ लावतात.