सज्ञान झालेल्या स्वमग्न अपत्याचे कायदेशीर पालकत्व : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

आमच्या मुलाच्या नावाचे बँक खाते तो लहान असल्यापासून आम्हीच चालवत होतो. त्याला १८ वर्षे पूर्ण झाल्यावर पैसे काढायला गेलो, तेव्हा काउंटरवरील कर्मचाऱ्याने स्लिप त्याच्यापुढे सरकवून सही करायला सांगितले. त्याने पेन घेतले, सहीच्या रकान्यात एकापुढे एक सहा गोल काढले आणि टोपण लावून पेन परत दिले. कर्मचाऱ्याची यात काही चूक नव्हती. अपत्य सज्ञान झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. त्याला बोलता येते की नाही, व्यवहार कळतो की नाही, याने त्यात फरक पडत नाही. बहुतेक पालकांना ही गोष्ट अशीच कुठल्या तरी खिडकीपाशी कळते.

यावरचा मार्ग राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीच हा कायदा असून, त्याच्या कलम १४ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालकाची नेमणूक करते. जिल्हाधिकारी, राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणीकृत असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तीन सदस्य समितीवर असतात. या चार प्रकारांत न बसणाऱ्या, उदाहरणार्थ केवळ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी या समितीकडे अर्ज करता येत नाही. तिच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मर्यादित पालकत्वाची वेगळी तरतूद पाहावी लागते.

अर्ज आईवडिलांनी संयुक्तपणे करायचा असतो. दोघांपैकी एकाचा मृत्यू, घटस्फोट किंवा परित्याग झाला असेल, तर दुसऱ्याला एकट्याने अर्ज करता येतो. दोघेही नसतील, तर भावंडे आणि त्यानंतर इतर नातेवाईक अर्ज करू शकतात. कोणीच नसेल तेव्हा नोंदणीकृत संस्था पुढे येते. पालक म्हणून ज्याचे नाव सुचवायचे, ती व्यक्ती भारतीय नागरिक असावी, तिला फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, ती दिवाळखोर ठरलेली नसावी आणि उदरनिर्वाहासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावी.

अर्ज ‘फॉर्म ए’ या विहित नमुन्यात असतो आणि सुचवलेल्या पालकाची लेखी संमती त्यातच घेतली जाते. सोबत अपत्याचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र), जन्माचा दाखला, अपत्य व सुचवलेला पालक या दोघांच्या ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, नात्याचा पुरावा आणि छायाचित्रे जोडावीत. सज्ञान भावंडे असल्यास त्यांचे ना-हरकत पत्रही बऱ्याचदा मागितले जाते. मागितले नाही तरी ते द्यावे, कारण पुढचे वाद त्यामुळे टळतात. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे घरीच तपासावे. आमच्या फाइलमध्ये जन्मदाखल्यावरील आणि यूडीआयडीवरील आडनावात एका अक्षराचा फरक निघाला आणि ते एक अक्षर दुरुस्त करून घेण्यात मूळ अर्जापेक्षा अधिक वेळ गेला.

समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावी, असे कायदा सांगतो. त्या बैठकीत दोन गोष्टी पाहिल्या जातात : या व्यक्तीला पालकाची खरोखर गरज आहे का आणि ती नेमकी कोणत्या कामांसाठी आहे. ‘त्याला काही कळत नाही’ हे या प्रश्नांचे उत्तर होत नाही, आणि माझ्या मते ते खरेही नसते. आमच्या मुलाला एका सदस्यांनी विचारले, “तुझे नाव काय?” त्याने त्याच सुरात परत विचारले, “तुझे नाव काय?” कपडे तो स्वतः निवडतो, बसचा क्रमांक ओळखतो, मात्र कागदावर काय लिहिले आहे आणि त्याखाली सही केल्याने काय होईल, हे त्याला समजत नाही. आम्ही एवढेच सांगितले आणि बँक, मालमत्ता व वैद्यकीय संमती या तीन कामांसाठी पालकत्व मागितले.

मंजुरीनंतर ‘फॉर्म बी’ या नमुन्यात नियुक्तीचे प्रमाणपत्र मिळते. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये परिपत्रक काढून हे प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी व चालवण्यासाठी ग्राह्य धरण्यास बँकांना सांगितले आहे, तरीही त्या परिपत्रकाची प्रत जवळ बाळगलेली बरी. नेमणुकीनंतर सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च. हे हिशेब आईवडिलांनाही चुकत नाहीत. पाल्याकडे दुर्लक्ष, छळ किंवा मालमत्तेचा अपहार झाल्याची तक्रार आली, तर समिती चौकशी करून पालकाला दूर करू शकते.

आईवडिलांच्या पश्चात हे पालकत्व आपोआप पुढे जात नाही. मृत्युपत्रात भावाचे किंवा बहिणीचे नाव लिहिले, तरी सज्ञान अपत्यासाठी त्या व्यक्तीला समितीकडून स्वतंत्र नेमणूक घ्यावी लागते. आमच्या मुलीने तिच्या कागदपत्रांच्या प्रती आणि एक कोरा ‘फॉर्म ए’ आत्ताच त्याच फाइलमध्ये, सर्वांत मागे लावून ठेवला आहे.